चंद्रीचा भरलेला चेहरा

मरोळ, मंगळवार, नोव्हेंबर १९८४

डॉक्टरांनी चंद्रीचा जबडा दोन्ही हातांनी दाबला, तशी तिने मान झटकली. दुखत होतं तिला. आणि आम्ही महिनाभर म्हणतोय, घोडीचा चेहरा भरला.

"हिला घालता काय?"

"सुकं गवत," आबा म्हणाले. "वर घमेलंभर गव्हाचा कोंडा. आमची मुलगी म्हणाली, नुसत्या गवतात दम नाही."

मी म्हणाले होते खरी. आबा हरभरा म्हणत होते, मग बाटलीतलं टॉनिक. कोंडा मी निवडला. स्वस्त म्हणून नाही. चंद्री तो चाटूनपुसून खायची म्हणून.

"ताई, अंग नाही धरलं हिने. एवढ्या कोंड्यामुळे हाडांतला चुना गेलाय. हाड पोकळ होऊन फुगलंय."

"उतरेल ना?"

"चेहरा असाच राहणार. कोंडा बंद करा, ही कॅल्शियमची पावडर घाला. ही लंगडतेय तेही त्यामुळेच; ते कदाचित थांबेल. वरातीला मात्र काढू नका. नवरदेव पाठीवर असताना पाय मोडला तर?"

चंद्रीला दुसरं काम येत नाही. आबांनाही.

डॉक्टर गेल्यावर आबा म्हणाले, "जाऊ दे गं. मलाही छानच दिसत होती की."

भरलेला चेहरा. शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवला होता मी.

बुधवार, सकाळ. पावडर लावलेलं गवत तिने दोनदा हुंगलं आणि मागे सरली. मी वर मूठभर कोंडा भुरभुरला. मग खाल्लं.