विल्फने सांगितलेलं वय

प्रिय हेटी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मालकीण डॉक्टरीणबाईंची चूल धूर करते म्हणतेस, तर आधी धुराडं साफ करून घे. दोष चुलीचा नसतो, आपल्या आळसाचा असतो.

शनिवारी विल्फने मला सिनेमाला नेलं. विनोदी होता. एका आत्याबाईंनी घरातल्या प्रत्येकाला आपलं वय निराळं सांगितलेलं, आणि वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या किती लावायच्या यावरून सगळं घर हमरीतुमरीवर आलेलं. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. विल्फची तर हसून हसून पुरेवाट झाली. डोळे पुसत, माझ्या गुडघ्यावर थाप मारत म्हणाला, "बघ गं, बायका कशा असतात एकेक!" मीही हसले. आणि मनातल्या मनात माझ्या केकवरच्या मेणबत्त्या मोजल्या.

तुला माझी दया यायचं कारण नाही, म्हणा. गिरणीच्या नाचात विल्फ भेटला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा आणि मी चौतीस. त्याने विचारलं, मी म्हटलं सत्तावीस. वय काय कपाळावर लिहिलेलं असतं? लग्नात पाद्रीबाबांनीही मी सांगितलं तेच वहीत उतरवलं. आपण जुळ्या असूनही तू आईवर गेलीस नि मी बाबांवर, हे माझं नशीब. तू आईची ती राखाडी हॅट घालून मागच्या बाकावर माझी थोरली बहीण होऊन बसलीस. विल्फ अजून तुला 'मोठ्या ताई' म्हणतो, आणि तू निमूट ऐकून घेतेस. त्याबद्दल मी तुझे कधी आभारही मानले नाहीत.

आता बातमी. मला चार महिने पाळी आलेली नाही आणि स्कर्टचं बटण लागत नाही. विल्फच मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वय विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हा पठ्ठ्या छाती काढून म्हणाला, "एकेचाळीस, साहेब, पण दिसते का?" डॉक्टर हसले. म्हणाले, या वयातही होतं कधी कधी, लक्षणं तर तीच दिसताहेत, महिन्याने परत या, तेव्हा नक्की सांगतो. विल्फला 'महिन्याने' ऐकूच आलं नाही. बस डेपोत, पबमध्ये, चर्चच्या दारात, सगळीकडे पेढे वाटावेत तशी त्याने बातमी वाटली. बाबागाडीही घेतली. मूल जन्मायच्या आधी गाडी घरात आणायची नाही, अपशकुन होतो, म्हणून सासूबाईंनी ती आपल्या शेडमध्ये गोणपाटाखाली झाकून ठेवली आहे. विल्फला वाटतं, मला ठाऊक नाही. पण तो रोज कामावर जाताना तिथे डोकावतो. खाटकाच्या दुकानात बायका मला रांगेत पुढे ढकलतात, "तू आता उभी राहू नकोस गं." मी पुढे जाते. त्या मांसाचा घास मला गिळवत नाही.

हेटी, आपण अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहोत. तुझं दोन वर्षांपूर्वीच थांबलं, तू मला सांगितलं होतंस. माझंही थांबलं असेल, असं मी म्हणाले असते आणि विल्फची निराशा कशीतरी निस्तरली असती. पण पोट वाढतंय. डाव्या अंगाला काहीतरी कठीण लागतं, ते हलत नाही, लाथही मारत नाही. गेल्या गुरुवारी डाग दिसला. विल्फपासून मी तो कपडा लपवून धुतला. आईचंही पोट असंच वाढलं होतं ना? शेजारणी तिची थट्टा करायच्या, या वयात काय गं, म्हणून. आणि आई लाजून हसायची. एकोणपन्नासावं लागलं आणि गेली. हे सगळं आठवलं की माझी पाचावर धारण बसते. मला भीती वाटते, हेटी. मरणाची वाटते, आणि विल्फचा चेहरा पडेल त्याची वाटते, आणि खरं सांगायचं तर दोन्हींतली मोठी कुठली ते मला कळत नाही. मेली लाज माणसाला कुठे नेऊन सोडते!

म्हणून हे लिहितेय. मंगळवारी विल्फची सकाळची पाळी आहे. मी नवाच्या बसने मँचेस्टरला येते. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, मला तपासतील का. त्यांना हे सगळं सांग, आईचं काय झालं होतं तेही सांग. पण मला एकटीला आत पाठवू नकोस. चौदा वर्षांत मी तो आकडा कोणापुढे उच्चारलेला नाही. तिथेही, जीव गेला तरी, तो माझ्या तोंडून निघणार नाही. त्यांनी वय विचारलं की तू तुझं सांग. मी म्हणेन, माझंही तेवढंच.

तुझ्यामागून वीस मिनिटांनी जगात आलेली, तुझीच
क्लॅरिस