शार्दूल गाडी गुरुदासच्या दारात पोचती करावी

मी, कमरुद्दीन इब्राहिम सोलकर, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा मासळीची वाहतूक, राहणार बंदरवाडी, कुणकेश्वर, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पडवीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. यंदा छातीत दोनदा कळ येऊन गेली, म्हणून लिहायचे ते आताच लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा जुबेर मस्कतला आणि मुलगी नाझनीन रत्नागिरीला असते, तेव्हा दबाव आणायला घरात कोणी नाहीच.

१. घर, परसातले माड आणि बँकेतली ठेव यांची वाटणी जुबेर व नाझनीन यांच्यात आमच्या शरियतप्रमाणे व्हावी. एक तृतीयांशापर्यंतची मिळकत मला वारसांबाहेर देता येते आणि माझ्या दोन्ही गाड्या त्यात बसतात, असे वकिलांनी सांगितले आहे. हा कागद त्या गाड्यांसाठी आहे.

२. फणसाखाली ताडपत्री घालून उभी असलेली माझी जुनी शार्दूल पिकअप, तिच्या पान्यांच्या पेटीसह, गुरुदास विठ्ठल मोरजकर, राहणार नांदगाव, यांस द्यावी. पेटीतला सर्वात मोठा पाना तसाही त्याचाच आहे.

गुरुदास माझा नातलग नव्हे, म्हणून कारण लिहून ठेवतो.

तरुणपणी आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात शार्दूल घेतल्या. मी बंदरावरची मासळी न्यायचो, तो बागायतदारांचे आंबे. वैभववाडीवरून घाट चढून कोल्हापूरपर्यंत आमच्या गाड्या मागेपुढे असत. घाटाखाली जो आधी पोचेल तो दुसरा येईपर्यंत चहाला हात लावत नसे. दुसऱ्या कंपनीच्या गाडीची कोणी तारीफ केली तर आम्ही दोघे मिळून त्याच्याशी वाद घालायचो. बंदरावर माझे नावच शार्दूलचाचा पडले. पुढे पाठीच्या दुखण्याने गुरुदासचे स्टिअरिंग सुटले आणि त्याने नांदगावला हायवेवर गॅरेज टाकले, फक्त शार्दूल गाड्यांचे. उद्घाटनाचा नारळ त्याने माझ्या हातून फोडून घेतला.

मग माझी बायको जन्नतबी हिच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी तिला कणकवलीला न्यावे लागे. शार्दूलची केबिन उंच. मी तिला उचलून चढवायचो आणि ती लाजेने डोळे मिटून घ्यायची. येताना तिला बसवत नसे, आडवे व्हायला मागे जागा नव्हती. मासळीही नेईल आणि तिलाही नेईल, अशी एकच गाडी मला परवडणार होती. नवरथ कंपनीच्या पिकअपला पायरी खाली होती आणि मागे दुसरी सीट होती.

घेण्याआधी मी गुरुदासकडे गेलो. तो एका गाडीखालून बाहेर आला, हात पुसत उभा राहिला.

"गुरु, गाडी बदलतंय. जन्नतीक चढूक जमना नाय."

त्याने हातातल्या फडक्याची घडी करून ते खांद्यावर टाकले. मग म्हणाला, "घे. पण ती माझ्या दारात हाडू नको."

नवी गाडी दारात आणायची नाही, हा त्याचा राग चार दिवसांत उतरेल असे मला वाटले होते. पण शार्दूलचाचाच्या दारात नवरथ आली म्हटल्यावर बंदरावरच्या मासळीवाल्यांनी एकामागून एक गाड्या बदलल्या. मी कोणाला गाडी बदला म्हणून सांगितले नव्हते. गुरुदासचे गॅरेज रिकामे पडत गेले, कामावरची माणसे त्याला कमी करावी लागली. त्याने याबद्दल मला कधीही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, निदान बोलला असता. नवरथच्या शोरूमचा माणूस मात्र जाहिरातीला माझा फोटो मागायला आला. त्याला मी पाणी दिले आणि वाटेला लावले.

कणकवलीची वाट गुरुदासच्या गॅरेजवरूनच जाते. एकदा परतताना जन्नतबी म्हणाली, "थांबव मरे. गुरुभावजींका बघूचा आसा." त्याचा शब्द मोडायचा नव्हता, म्हणून मी हायवेच्या पलीकडे गाडी लावली. तिने काचेतून हात हलवला. गुरुदास रस्ता ओलांडून आला. हातात शहाळे होते.

"वयनी, कशे आसात?"

"बरी आसंय. ह्या गाडयेत चढूक त्रास होत नाय."

त्याने खाली वाकून पायरी पाहिली. हाताने दाब देऊन ती किती भक्कम आहे तेही बघितले.

"तुमचे दोस्त थंय बसलेत," जन्नतबी म्हणाली. "त्यांच्याशी बोलूचा नाय?"

"तुमी बऱ्या होवा, वयनी. मगे बोलूया."

ती बरी झाली नाही. दफनाच्या वेळी गुरुदास कब्रस्तानच्या दगडी गडग्याबाहेर उन्हात उभा होता. माती देऊन मी बाहेर आलो तेव्हा तो गेलेला होता.

जन्नतबीची आठवण येते तेव्हा तिच्यासाठी दुआ मागता येते. जिवंत माणसाच्या आठवणीचे काय करायचे ते मला कळलेले नाही. कधीकधी ताडपत्री सारून शार्दूलमध्ये बसतो आणि सवयीने आरशात बघतो. मागे फणसाचे खोड असते.

शार्दूल चालू अवस्थेत आहे. ती टोईंग करून नेऊ नये, चालवत न्यावी आणि गुरुदासच्या दारातच उभी करावी. या गाडीला त्याने मनाई केलेली नाही.

३. नवरथ पिकअप माझा पुतण्या रमीझ यास द्यावी. वाडीतल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला कोणी हाक मारली तर मासळीची खेप थांबवून जायचे, एवढी अट.

४. माझ्या मृत्यूची खबर पहिल्यांदा गुरुदासला द्यावी. जुबेरने मनाला लावून घेऊ नये, मस्कतहून यायला त्याला वेळ लागणारच. गुरुदास आला आणि जनाज्याला खांदा द्यायचा म्हणाला, तर त्याला पुढची जागा द्यावी.

साक्षीसाठी मी शेजारचे दाजी मुणगेकर आणि गुरुदासची मुलगी अनुजा यांना बोलावले. अनुजा देवगडला शिक्षिका आहे. ती घरी जाऊन बापाला सांगेल, अशी आशा मनात होती, हे लपवत नाही.

पाचवे कलम लिहायचे होते. पण अनुजा आत्ताच आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "काका, बाबा भायर गाडयेत बसलेत. 'तुझा काम होवंदे, मी हयच थांबतंय' म्हणतत."

तो उतरेल की नाही, बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. पाचवे कलम राहू दे. वर लिहिले ते सर्व मला मान्य आहे, सही करतो आणि बाहेर जातो.

ठिकाण: बंदरवाडी, कुणकेश्वर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: (सही) कमरुद्दीन इब्राहिम सोलकर

आमच्या समोर सही केली. सही करताना ते शुद्धीवर होते आणि घाईत होते.

साक्षीदार:
(सही) दाजी सखाराम मुणगेकर, बंदरवाडी
(सही) अनुजा गुरुदास मोरजकर, नांदगाव