दोनशेच्या लेन्समधून

जळगाव,
१६ डिसेंबर १९८८

प्रिय उजू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालाने न पाठवता धुळ्याच्या गाडीवरच्या नथ्थू कंडक्टरांच्या हाती देतो आहे. एकटी असशील तेव्हाच वाच. तुझ्या आईला मी लिहितो आहे हे माहीत नाही. ती समजते आहे की मी स्टुडिओत लग्नाच्या अल्बमला फोटो चिकटवत बसलो आहे. अल्बम समोर उघडाच आहे, म्हणजे ते अगदीच खोटं नाही.

दिवाळी आटोपून तू धुळ्याला गेलीस, त्यानंतर लगेच एक गृहस्थ स्टुडिओत आले. सफारी, पायात पांढरे बूट, गळ्यात नवा जपानी कॅमेरा. नाव रतिलाल सांगितलं. आखाती देशातून भाच्याने पाठवलेला कॅमेरा आहे म्हणाले. पन्नासची नॉर्मल लेन्स होती, आणि तिच्यात मैदानावरची माणसं मुंगीएवढी येतात अशी त्यांची तक्रार. कॉलेजच्या मॅगझिनसाठी खेळाडूंचे फोटो हवेत म्हणाले, आणि मग बोलता बोलता घरच्या बोलीवर आले, "दूरथीन काढना शेतस, पन चेहरा साफ येवाले जोयजे." लांबून काढायचे आणि चेहरा मात्र स्वच्छ हवा, ह्याची मला त्या वेळी गंमत वाटली. माझं तुला माहीत आहे, लेन्सचं कुणी विचारलं की मी जेवण विसरतो. मी त्यांना खुर्ची दिली. तोंडाजवळ कॅमेरा नेऊन रुंद लेन्सने फोटो काढला तर नाक कसं फुगतं, चेहऱ्यासाठी मागे सरकून लांबची लेन्स का लावायची, ते सांगितलं. पळणाऱ्या माणसाच्या मागे फोकस फिरवत बसू नका म्हटलं. वळणावरची एक जागा धरा, फोकस तिथे लावून ठेवा, खेळाडू तिथे येण्याच्या जरासा आधीच दाबा. चारशेची फिल्म, शटर पाचशेवर, ऊन भरपूर असेल तर भोक लहान ठेवा म्हणजे पुढचं-मागचं सगळंच स्वच्छ येईल. आणि वर माझी दोनशेची लेन्स त्यांच्या कॅमेऱ्याला बसते हे पाहून ती वापरायलाही दिली.

ते गेल्यावर एक गोष्ट खटकली होती. मॅगझिनचा माणूस संघ विचारतो, खेळ विचारतो. ह्यांनी सगळं चेहऱ्याचंच विचारलं. समोरच्याला कळणार नाही इतक्या लांबून चालेल ना, हे तर दोनदा विचारलं. पण गिऱ्हाईक आलं आणि ते मनातून निघून गेलं.

आठवड्याने ते लेन्स परत करायला आले आणि रोल धुवायला ठेवून गेले. काळा-पांढरा होता म्हणून मीच डार्करूममध्ये घेतला. निगेटिव्हवर आपलं माणूस पटकन ओळखू येत नाही. केस पांढरे आणि दात काळे, सगळीच भुतं. मी आपला खूश होतो, की गड्याने शिकवलेलं नीट केलं. मग कागद डेव्हलपरमध्ये टाकला आणि लाल उजेडात तू वर आलीस.

पहिल्यात तू वळणावर होतीस. दुसऱ्यात बूट बांधत होतीस. मग पाणी पिताना, मैत्रिणीला चिमटा काढताना, जिना चढताना मागून. पळतानाचे फोटो थोडे आणि नुसती तू जास्त. एकाही फोटोत तू कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतीस. आणि त्यातल्या एकात तू हसत होतीस, तुझ्या चेहऱ्याला चेहरा भिडवून एक मुलगा उभा होता आणि त्याचा हात तुझ्या खांद्यावर होता.

मी तो कागद हायपोत टाकून पक्का करायचा विसरलो. दिवा लावल्यावर तो डोळ्यांदेखत काळा पडला आणि मला पुन्हा काढावा लागला. पुन्हा काढताना मी तो मोठा केला, ज्यासाठी मला कुणी सांगितलं नव्हतं.

रतिलाल प्रिंट न्यायला आले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही पोरगी कोण. ते पाकीट उघडून एकेक फोटो पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळाडू शे." आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण औषध पाजल्यावर पोराकडे पाहतो, गिळलं की नाही म्हणून. निगेटिव्हसुद्धा मागून घेतल्या. मोठा केलेला तेवढा माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

उजू, त्यानंतरचा पंधरवडा मी कसा काढला ते तुला सांगितलं तर तुला माझा राग येईल. पण सांगतो. आधी मला वाटलं की हा माणूस तुझ्या मागावर आहे, पोलिसांत जावं. मग वाटलं, पोलीस आधी तो खांद्यावरचा हात पाहतील. मग त्या मुलाचाच संशय आला, की ह्यानेच फोटो काढवले असतील. मधल्या रविवारी तू घरी आलीस, आठवतंय? भरताची वांगी भाजत होतीस आणि मला विचारलंस, नाना, एवढे गप्प का. मी तुझ्या खांद्याकडे पाहत होतो. तू मैदानावरच्या गमती सांगितल्यास, त्यात सगळ्यांची नावं आली, अभिमन हे नाव दोनदा आलं. मी मनात म्हटलं, हाच तो. तू पाणी प्यायला उठलीस तरी मला वाटायचं, विषय टाळायला उठली. आणखी एक गोष्ट डोक्यात घोळत होती. तुमचा सराव कोणत्या वारी, कोणत्या बाजूला, कोणत्या जिन्याने तू होस्टेलवर जातेस, हे त्या माणसाला कुणी सांगितलं? धुळ्यात हे सगळं माहीत असलेलं आपलं माणूस एकच, तुझे भिकनमामा. आणि तुझ्यासाठी दोंडाईच्याचं स्थळ मामांनीच आणलेलं.

मग एका दुपारी स्टुडिओ बंद करून मी धुळ्याला आलो. तुला भेटायला नाही. मैदानाच्या भिंतीपाशी, कडुनिंबाखाली, रतिलाल जिथे उभे राहिले असतील ती जागा मी फोटोवरून शोधून काढली. उन्हाची बाजू जुळली, मागचा पाण्याचा हौद जुळला. दोनशेची लेन्स लावून पाहिलं. तुम्ही सगळे अजून यायचे होतात. समोर व्हॉलीबॉलच्या जाळीचे दोन खांब होते, डोळ्यांनी पाहिलं तर एकापासून दुसरा चांगला लांब. लेन्समधून ते एकमेकांना टेकलेले दिसत होते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लांबची लेन्स मधली जागा खाऊन टाकते, मागचं माणूस पुढच्याच्या अंगावर आणून ठेवते, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगतो. पण ड्रॉवरमधला तो फोटो पाहताना मी फोटोग्राफर राहिलोच नव्हतो.

मग तुम्ही सगळे आलात. मी झाडाआड झालो. एक उंच मुलगा, फोटोतलाच, तुझ्या शेजारून चालत गेला, कुणीतरी त्याला अभिमन म्हणून हाक मारली. तुझ्यापेक्षा चांगला डोकंभर उंच. फोटोत मात्र तुम्ही दोघं एकाच उंचीचे होता. म्हणजे तो तुझ्या खूप मागे उभा असला पाहिजे, लांब उडीच्या खड्ड्यापाशी, आणि तो हात तुझ्या खांद्यावर नव्हता, त्याने दुसऱ्या कुणाला तरी हात केला होता. मी त्या दोन खांबांचे दोन फोटो काढले, एक पन्नासच्या लेन्सने, एक दोनशेच्या, आणि तुला न भेटता एस.टी. धरली. पारोळ्यापर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं की शेजारच्या माणसाला मी उगाचच केळी दिली.

घरी आलो तर तुझ्या आईने निरोप सांगितला, दोंडाईच्याच्या मंडळींनी मला एकट्याला बोलावलं आहे. सकाळच्या पॅसेंजरने गेलो. ओसरीवर रतिलाल बसले होते, पांढरे बूट दाराशी. मुलाची आई सुगंधाबाई, रतिलाल त्यांचे सख्खे भाऊ. मला आश्चर्य वाटलं नाही. चहा झाला. सुगंधाबाईंनी तोच हसरा फोटो पुढे ठेवला आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "नाना, आम्ही तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही खोटं म्हटलं असतं. म्हणून तुमच्याच हाताने धुवून घेतला."

मी खिशातून खांबांचे दोन फोटो काढले. लेन्सचं समजावून सांगितलं, उंचीचं सांगितलं. बाईंनी दोन्ही फोटो नीट पाहिले. समजलं त्यांना, त्या काही अडाणी नाहीत. आतापर्यंत माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलत होत्या, त्या एकदम घरच्या बोलीवर आल्या. "खांबनं ठीक शे, नाना. खांब हासतस का?"

खांब हसत नाहीत हे मलाही दिसत होतं, मी दोन्ही फोटो खिशात परत ठेवले. पुढे त्यांनी जे सांगितलं ते असं : त्यांचा होकार कायम आहे. ह्या वयात मुलींचं असं होतं, आम्ही मोठ्या मनाने घेतो. फक्त पळणं आणि कॉलेज ह्याच महिन्यात बंद. फोटो आणि निगेटिव्ह त्यांच्या कपाटात राहतील, कुणाला दाखवायचे नाहीत, मुलीने नीट संसार केला तर कधीच नाहीत. हे सांगताना त्यांनी माझ्यापुढे बत्ताशांची ताटली सरकवली. मुलगा दारात उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता.

तेव्हा मला कळलं की त्यांना कसलाही संशय नव्हता. संशय त्यांना जन्मभर पुरवून वापरायचा होता. मी उठलो आणि हात जोडून सांगितलं की आमच्याकडून नकार समजा. रतिलाल म्हणाले, विचार करा नाना, फोटो हिंडतात. मी म्हटलं, हिंडू द्या. म्हटलं खरं, पण धरणगावपर्यंत गाडीत मी तेच वाक्य मनात घोकत होतो.

तुझी आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलते तेव्हा एकच : "पोरीचा फोटो लोकाच्या कपाटात राहीन, अन् तुम्ही तिले पळाले पाठवता?" तिचं भय खोटं नाही, उजू. फोटो हिंडेल. कुणी तुला विचारेल, कुणी विचारणार नाही, नुसतं पाहील. त्याला माझ्याकडे औषध नाही. तुझ्या हसण्याचं मी तुला काही विचारणार नाही. स्टुडिओत मी रोज लोकांना हसा हसा म्हणतो आणि दात तेवढे दिसतात. तुझे पाळण्यापासूनचे फोटो मी काढले, त्यातल्या एकाही फोटोत तू तशी हसलेली नाहीस. कुणाकडे पाहून हसलीस हे सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको. तुझ्या मनात असेल ते मला तुझ्या तोंडून कळू दे, म्हणजे झालं. कुणाच्या कॅमेऱ्यातून नको.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल दुपारी भिकनमामा आले होते. मी दुकानातून पाणी प्यायला घरात गेलो तर ते आणि तुझी आई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते, मला पाहून गप्प झाले. पण जे ऐकायचं ते मी ऐकलं होतं. परवा, रविवारी सकाळी मामा होस्टेलवर येतील. आईला दवाखान्यात ठेवलं आहे, लगेच चल, असं सांगतील. कदाचित डोळ्यांत पाणीही आणतील. आई ठणठणीत आहे, आत्ता हे लिहिताना ती पापड लाटते आहे, लाटण्याचा आवाज मला इथे येतो आहे. मामा तुला जळगावला नाही, थेट दोंडाईच्याला नेणार आहेत, तिथे साखरपुड्याची तयारी आहे. त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी दाखवली तरी विश्वास ठेवू नकोस. तुझ्या रेक्टरबाईंना मी आज दुपारी टेलिफोनवर सगळं सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, वडील स्वतः आल्याशिवाय मुलीला सोडणार नाही. तरी तू स्वतःच नाही म्हण, मोठ्याने म्हण, मैत्रिणींसमोर म्हण. मामांचा अपमान करू नकोस, चहा पाज, आणि परत पाठव. सोमवारी तुमची गाडी विद्यापीठाच्या स्पर्धेला पुण्याला निघते, तीत बस. मी धुळ्याच्या स्टँडवर असेन. आईचं मी पाहतो.

तुझाच,
नाना