घट बसले आणि शकूचे बूट निघाले

कोल्हापूर, सोमवार, १२ ऑक्टोबर १९५३, संध्याकाळ

आज डॉक्टरांनी शकूचं पाऊल हातात घेऊन विचारलं, "बूट कुणी काढले?" तिथंच माझं डोकं फिरलं. तीन वर्षांची पोर; तिची आई, माझी थोरली बहीण अक्का, वारल्यापासून आमच्याकडेच. जन्मतःच वाकडा असलेला पाय प्लास्टर निघाल्यावर पुन्हा आत वळू नये म्हणून ते बूट रात्रंदिवस, घरातसुद्धा घालायचे होते. घट बसले त्याच दिवशी आईनं ते काढून उंबऱ्याबाहेर ठेवले.

घरी येऊन ओरडलो. आई म्हणाली, "घट बसल्यात की. कातडं घालून पोर देवीपुढं फिरवू व्हय रं? दसरा झाला की घाल."

"तोवर पाय वाकडा होतोय!"

"वच्छीच्या नादानं कॉलेज सोडलंस, आता डाक्तर झालास व्हय?"

वच्छीचं नाव कशाला? ती तर लग्न होऊन गेलीसुद्धा. हे सगळं तिलाच सांगितलं असतं. आता सांगू कुणाला?

आई वाईट आहे का? शकूला दिवसभर कडेवर तीच वागवते. पण ते एवढेसे बूट, उंबऱ्याबाहेर...

उचगावला मित्राची खोली रिकामी आहे. दसऱ्यापर्यंत दोघं तिथंच राहू. आता उठतो, शकूला बूट घालतो, कडेवर घेतो. आई घटापुढून उठायची नाही. दार मीच बाहेरून ओढून घेईन.