ओढ्याकडचा पडीक कोपरा

॥ श्री ॥
स्टेट कॉलेज,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. एकनाथदादास शैलजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून बोलण्यासारखं नाही, म्हणून टपालाचा खर्च केला. शेत विकतोयस असं वहिनी म्हणाली. विकायचंच तर ओढ्याकडचा पडीक कोपरा आधी नांगर. दर फेरीला सांगते, तिथे दोन पायल्या ज्वारी सहज निघाली असती.

इथे अमेरिकेत माझ्या शंतनूच्या शेजारी मॉरीनबाई राहतात, मूळच्या आयर्लंडच्या. त्यांच्या आजीच्या खेड्याचा, इंग्रजांनी मोजणी केली तेव्हाचा नकाशा त्यांनी मागवलाय. आम्ही दोघी भिंग घेऊन बसतो. घर न् घर, विहीर, चुन्याची भट्टी, सगळं दाखवलंय. काल एका गोल बांधापाशी बारीक अक्षरं दिसली. शंतनूने वाचून सांगितलं, लहान मुलं पुरायची जागा. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ चर्चच्या आवारात घेत नसत. बाप गुपचूप नेऊन पुरायचा, आईला जागा सांगत नसत. आजीचं पहिलं मूल तिथेच असणार, मॉरीनबाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ त्या जागेवरून बोट उचललं नाही.

दादा, माझी पहिली मुलगी माहेरी झाली आणि चार दिवसांत गेली. तूच तिला घेऊन गेलास. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. शेत जाण्याआधी तेवढं सांग. पांडुरंगाची शपथ, रडणार नाही.

माया आहे ती अशीच पुरवून पुरवून वापर.

तुझी शैलू

॥ श्री ॥
पारनेर,
५ नोव्हेंबर

चि. सौ. शैलूस अनेक आशीर्वाद.

तू ज्वारीचा हिशेब मांडायचीस तेव्हा तुझी वहिनी माझ्याकडे बघायची, आणि मी विषय बदलायचो. औत होतं तेव्हा तिथून वळवून घ्यायचो. पुढे ट्रॅक्टरवाल्यालाही तेवढं सोडायला सांगत आलो. ती त्या कोपऱ्यातच आहे.

ओढ्याकडची पट्टी विक्रीतून काढली. घेणारा म्हणाला, पाण्याजवळची तीच तर चांगली, ती का ठेवता? मी म्हटलं, "आमचं माणूस आहे तिथे."

दगड बसवतोय. बारसं व्हायच्या आतच गेली, तर पाथरवटाला नाव काय सांगू?

टोमणे आवरू नकोस, सवय झालीय.

दादा

॥ श्री ॥
स्टेट कॉलेज,
२४ नोव्हेंबर

ती. दादास सा. नमस्कार.

शपथ मोडली. पांडुरंग समजून घेईल. मॉरीनबाईंनी आपल्या नकाशाजवळ मेणबत्ती लावली, मी शेजारी निरांजन ठेवलं.

नाव मी ती पोटात असतानाच ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. दीपा. दोनच अक्षरं आहेत, पण मोठी कोरायला सांग. खर्चाकडे बघू नकोस.

तुझीच,
शैलू