रिकामी गुंडी

ढाणकी,
८ नोव्हेंबर

प्रिय सुनील,

तुझ्या सामानाची पेटी तिकडच्या बंदराला लागली, असं नागपूरच्या एजंटानं काल फोन करून सांगितलं. म्हणून आज कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून लिहायला बसले आहे. बोटांना बोंडांचे ओरखडे आहेत, अक्षर तेवढं चालवून घे. फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे, आणि मला आज शेवटपर्यंत बोलायचं आहे.

आधी इकडची खबर. बा आता आमच्याकडेच राहतो. तब्येत ठीक आहे. सकाळी उठून तांड्यातल्या बंद घराला एक चक्कर मारून येतो, कुलूप ओढून बघतो आणि परत येऊन चहा मागतो. तुझे भाऊजी वणीच्या खाणीवरून पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात, कोळशाचा ट्रक चालवून कानाच्या पाळ्यासुद्धा काळ्या झालेल्या असतात. सोयाबीन बरं निघालं. तू मेलबर्नचा पक्का नागरिक झालास म्हणून बानं तांड्यात गूळ वाटला. मीही खाल्ला. गोड होता.

तुझी यादी आली तेव्हा मला हसू आलं होतं. पाण्याची तांब्याची गुंडी, पितळी परात, आपल्या याडीमायचा लोटा, पणज्याच्या बैलांच्या घुंगरमाळा, एकूण त्रेचाळीस वस्तू. लहानपणी विहिरीवरून ती गुंडी आणायची म्हटली की तुझं पोट दुखायचं. आता तीच तुला दिवाणखान्यात हवी झाली. इथे धूळ खाण्यापेक्षा तिथे नीट जपल्या जातील, असं तू बाला सांगितलंस. बाला पटलं. बाला तुझं सगळंच पटतं.

तुला आठवतं का, बा लदेणीच्या गोष्टी सांगायचा? आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामागून मुलूख चालायचे. निघताना कुठलंही भांडं रिकामं लादायचे नाहीत. तळाला मूठभर धान्य असायचंच, नाहीतर नव्या जागी चूल पेटत नाही म्हणायचे. माझ्या लग्नात याडीनं माझ्या प्रत्येक भांड्यात ज्वारी घातली होती आणि तू त्यातली काढून कोंबड्यांना टाकत होतास. याडीनं तुला पळता भुई थोडी केली होती. यादी पाठवल्यावर तू फोनवर तीच गोष्ट काढलीस आणि बजावलंस, की ताई, ती खुळी पद्धत आता करू नकोस. भांडी घासून, पुसून, रिकामी पाठव. तिथले लोक परमुलुखातल्या धान्याचा एक दाणाही आत येऊ देत नाहीत. मी हो म्हटलं. मी अंगणवाडीत अठरा वर्षं फॉर्म भरले आहेत, सुनील. एकदा सांगितलेलं मला कळतं.

आता याडीच्या फेटियाबद्दल. हा विषय तुला नको असतो हे मला ठाऊक आहे. तो फेटियाचा घागरा आणि वरची कांचळीची चोळी तिनं तीन उन्हाळे बसून शिवली होती. प्रत्येक आरसा तिनं स्वतः टाचला, कवड्या ओवल्या, आणि एक डोळा अधू झाला तो त्याच कामात. दोन वर्षांपूर्वी तू आणि निकिता आलात, तिकडच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला खरा बंजारा पोशाख हवा म्हणालात. याडीनं पेटी उघडून तो काढून दिला. सून म्हणून निकिताच्या हातात देताना ती बोलली तुझ्याशी. मी दारात उभी होते.

"वापस आणजो बापा. मले जातानी हेच घालाचं हाय."

तू हो म्हणालास. हसलास आणि तिच्या पाया पडलास.

मग याडी आजारी पडली. चार महिने, सुनील. चार महिने ती खाटेवर होती आणि मी तुला सहा वेळा फोन केला. पहिल्यांदा निकिताचा अजून एक कार्यक्रम होता. मग तुम्ही घर बदलत होतात, कुठल्या खोक्यात आहे ते सापडत नव्हतं. त्यानंतर तू कस्टमचं काढलंस. जुनं कापड, कवड्या, हाती शिवलेलं, असलं काही देशाबाहेर पाठवलं तर अडकतं, मलाच दंड होईल, सरहद्द म्हणजे काय चेष्टा आहे का, असं तू मला समजावून सांगितलंस. मी गावातली बाई. मी ते खरं मानलं. याडीला सांगितलं, की सरकार येऊ देत नाही. तरी ती रोज दुपारी पोस्टमन आला का, एवढं विचारायची.

माघात ती गेली. तू आला नाहीस, रजा नव्हती. तांड्यातल्या बसंतीबाईनं तिला न्हाऊ घातलं आणि काय नेसवायचं म्हणून माझ्याकडे बघितलं. भाऊजींनी ढाणकीच्या बाजारातून हिरवी नायलॉनची साडी आणली. तिला खांद्यावर घेतलं तेव्हा मला पदरावर दुकानाचं चिकटवलेलं लेबल दिसलं. ते काढायला मी हात पुढे केला, पण लोक चालायला लागले होते. नवरा जिवंत असताना गेलेली बाई, तांड्यातली शेवटची फेटियावाली, लेबलासकट गेली. ते लेबल मला अजून झोपताना दिसतं.

त्यानंतर तुझ्या नव्या घराचा फोटो आला. सोफ्याच्या मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत याडीचा फेटिया, टाचण्या टोचून पसरलेला. खाली तू लिहिलं होतंस, आमचा वारसा. तरीही मी गप्प बसले. वाटलं, सरहद्दीचं तरी खरं असेल.

मग भादव्यात एजंट आला, सामान बघायला आणि नियम सांगायला. भला माणूस होता. फॉर्म वाचून दाखवला. धान्य, बी, माती, गवत काही नाही, आणि सगळं सामान मालकानं स्वतः बांधलं आहे, असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली तुझी सही होती. तू तीन हजार कोसांवरून सामान कसं बांधलंस, हे मी त्याला विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, की तिकडून इकडे एखादा जुना कपडा पाठवायचा असेल, कवड्या लावलेला, तर किती भानगडी असतात?

तो म्हणाला, "कपडाच ना, ताई? कधीबी पाठवता येते. आठ दिवसांत घरी."

आठ दिवस. याडी एकशे बावीस दिवस पोस्टमनची वाट बघत होती. त्या क्षणी मला तुझा एवढा राग आला, की चहा ओतताना कपाबाहेर गेला. तो राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी भांडी बाहेर काढली. चिंच लावून घासली, लखलखीत केली, उन्हात वाळवली. तू सांगितलंस तसंच केलं. मग आपल्या शेतातली ज्वारी आणली आणि गुंडीच्या तळाला मूठभर घातली. परातीच्या कापडात तूर बांधली. लोट्यात सरकी घातली. घुंगरमाळेच्या प्रत्येक घुंगरात एकेक तीळ सारला, त्यात मला सगळी दुपार लागली आणि फार बरं वाटलं. वरून कागद कोंबले. भाऊजींनी खोकी दोरानं आवळून बांधली, एजंटाच्या माणसांनी ती पेटीत भरली. मी चुकून केलं, जुनी सवय म्हणून केलं, असं तू तिथल्या साहेबांना सांगशील. सांग. पण तुला माहीत असावं, की मी चुकलेले नाही.

हे पत्र मी कुरिअरनं पाठवते आहे, आठ दिवसांत पोचेल. तोवर त्यांनी पेटी उघडली असेल आणि तुझी सही पुढे ठेवून तुला बोलावलं असेल. खोटं का लिहिलं ते तू बघून घे, तुझं इंग्रजी चांगलं आहे. एजंट म्हणतो, ते तुला दोनच गोष्टी विचारतील. एक तर तुझ्या सहीनं ते सगळं भट्टीत जाळून टाकायचं. याडीची गुंडी, लोटा, सगळं. किंवा आलं तसं माघारी पाठवायचं. जाळायचं असेल तर जाळ. पण मग स्वतः उभा राहून बघ, तेवढा वेळ काढ, तिच्या वेळी रजा नव्हती. आणि माघारी पाठवायचं ठरलं, तर माघात तिचं वर्षश्राद्ध आहे. जिथे तिला दिलं तिथेच तो फेटिया अग्नीला द्यायचा, असं बानं ठरवलं आहे, बसंतीबाईलाही ते पटलं आहे. तेव्हा भिंतीवरची चौकट उतरव, एकेक टाचणी काढ, कांचळीची घडी आत आणि फेटियाची बाहेर घाल, याडी घालायची तशी. साहेबांना विचारून तो गुंडीत ठेव. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. गुंडी रिकामी पाठवू नकोस.

तुझीच,
वर्षाताई