बाबांनी पास केलेलं घर

३ नोव्हेंबर, सोमवार
घर सोडायचं! मालकीणबाईंचा मुलगा परत येतोय, महिनाअखेर किल्ली हवी म्हणाल्या. तेरा वर्षं राहिले इथे. एकटीचा संसार म्हणून काय झालं, चमच्यापासून सगळं आवरायचंच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासताना तोच विचार.

बाबांना फोन केला. एवढंच म्हणाले, "मला दाखवल्याशिवाय हो म्हणू नकोस." ते मी तसंही म्हटलं नसतं.

५ नोव्हेंबर
लहानपणी आम्ही आठ भाड्याची घरं बदलली. बाबा रंगारी. भाडेकरू गेला की मालक लोक त्यांना बोलवायचे – ओल आलीय, नवं गिऱ्हाईक यायच्या आत तिच्यावर दोन हात मारून द्या. बाबा द्यायचे मारून. पोट होतं. त्यामुळे कुठला रंग काय झाकतो ते त्यांना बरोब्बर माहीत. झाकणारे तेच ना!

स्वतःसाठी घर बघताना मात्र एकाही मालकाला सोडायचे नाहीत. सगळे नळ एकदम सोडायचे, धार बारीक होते का बघायला. फरशीवर किल्लीने टकटक. न्हाणीघराच्या जाळीशी नाक. प्रत्येक खिडकी उघडून परत लावायची. सगळ्यात शेवटी भिंत, आणि रंग ताजा असला तर जास्तच. तळहात टेकवून, डोळे मिटून उभे. मी आणि दादा मागे श्वास रोखून. मालक बिचारा घड्याळ बघतोय. मग आईकडे वळून "घेऊ या" म्हणायचे – नाहीतर काही न बोलता सरळ चपला घालायला लागायचे. चपलांचा आवाज आला की आई मालकांना गोड आवाजात "कळवतो हं" म्हणायची. किती घरं अशी चपलांवर नाकारली!

त्या आठही घरांत कधी ओल आली नाही. पण आईला नाकारलेलंच एक घर आवडलं होतं, मोठ्या खिडकीचं. पुढे कित्येक वर्षं त्या गल्लीतून जाताना ती वर बघायची. एकदा बाबांनी तिला बघताना पाहिलं आणि भराभर पुढे चालायला लागले. आज त्या दोघांची फार आठवण येतेय, तेव्हाच्या दोघांची.

९ नोव्हेंबर, रविवार
दलालाबरोबर तीन घरं पाहिली, तिन्ही माझ्या दुकानाच्या बाजूला. बाबा आता शहात्तर, दादाकडे असतात. वहिनीने बजावून पाठवलं होतं, फार चालवू नका. दादाकडचा जिना उतरतानाच दोनदा थांबले. दोन बस बदलून पोचेपर्यंत चेहरा उतरला होता.

पण घरात शिरल्यावर तेच! नळ, किल्ली, नाक, तळहात. मी पंचेचाळीसची होते ती एकदम नऊची झाले. पहिल्या घरात चपला. दुसऱ्यात चपला. तिसऱ्यात मला तर औषधालाही खोट सापडली नाही – तरी चपला! दलाल वैतागला. "काका, आता ह्यात काय कमी आहे?" बाबा तोवर दाराबाहेर पोचले होते. मी काही विचारलं नाही. त्यांच्या हातापुढे माझं डोकं मी कधी चालवलेलं नाही.

१२ नोव्हेंबर
चौथं घर. दादाच्या घरामागच्या गल्लीत, तळमजला. दुकान लांब पडेल. झोपायच्या खोलीला लागून न्हाणीघर, मधल्या भिंतीला ताजा पांढरा रंग. बाबांनी तळहात टेकवला. बराच वेळ उभे राहिले, मला वाटलं डुलकी लागली की काय. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"घे."

काय हायसं वाटलं! आईला असंच वाटत असणार.

१५ नोव्हेंबर
करारावर सही केली.

२३ नोव्हेंबर, रविवार
आले राहायला. सगळीकडे खोकी, चहाचं पातेलं काही सापडेना.

२६ नोव्हेंबर
भिंतीला फोड आलेत.

एक दाबला तर रंगाचा पापुद्रा हातात आला. आत काळपट, ओलं, पिठासारखं. न्हाणीघराच्या बाजूने पाझरतंय. आणि मी म्हणे रंगाऱ्याची मुलगी!

भिंतीचं काही नाही, भिंती दुरुस्त होतात. पण बाबांना कळलं नाही. डोळे मिटून एवढा वेळ उभे होते आणि हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. कधी गेलं हे सगळं? मी कुठे होते? दुकानात मान खाली घालून काचा घासत राहिले, समोरचं धड दिसत नव्हतं.

त्यांना सांगायचं नाही. आपला हात गेला हे कळलं तर हाय खातील.

२७ नोव्हेंबर
कपाट त्या भिंतीला लावलं. बाबांचा फोन. भिंती कशा आहेत म्हणाले. छान आहेत म्हटलं, ठणठणीत कोरड्या. भिंतीबद्दल बाबांशी पहिल्यांदाच खोटं बोलले. त्यांनी नुसतं "हं" केलं.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी दारात प्लंबर. मी बोलावलाच नव्हता. म्हणाला, काकांनी बारा तारखेलाच सांगून ठेवलंय – मुलगी राहायला आली की न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप बदलून दे. मागून बाबा आले, हातात रंग खरवडायची पट्टी. दम लागलेला नाही, काही नाही.

"तुम्हाला कळलं होतं?"

"हात टेकल्याबरोबर."

"मग घे का म्हणालात? आणि ती तिन्ही घरं?"

"ती चांगली होती गं. एकातही खोट नव्हती," बाबा म्हणाले. "पण तिथे मला चालत येता आलं नसतं."